आधी खराटा, मग कीर्तन

सामाजिक प्रश्नांवरील माहितीपट आणि स्वतंत्र निर्मात्यांचे चित्रपट पाहण्यासाठी एकेकाळी मोठ्या शहरातील चित्रपट मंडळाचे सभासदत्व घ्यावे लागे किंवा एखाद्या महोत्सवाची वाट पाहावी लागे. आता ते इंटरनेटवरून थेट घरी येतात. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या तरुणाला हातातील मोबाइलवर गटारात उतरणाऱ्या तामिळ सफाई कामगाराचे जिणे दिसते, मुंबईच्या वस्तीतील शाहिराचा आवाज ऐकू येतो आणि दूरदेशीच्या खेड्यांचे दुःखही ओळखीचे वाटू लागते. समाजाला त्याचे स्वतःचे चित्र दाखवावे, ते पाहून त्याने अस्वस्थ व्हावे आणि त्या अस्वस्थतेतून काही बदलावे, ही या चित्रपटांमागची इच्छा असते. याच इच्छेने वऱ्हाडातील एक निरक्षर माणूस पन्नासहून अधिक वर्षे गावोगाव हिंडला. त्याच्याजवळ ना पडदा होता, ना कॅमेरा. हातात खराटा होता, डोक्यावर मडक्याचे खापर होते आणि तोंडी अस्सल वऱ्हाडी बोली होती. महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा या नावाने ओळखतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. परीट म्हणजे इतरांचे मळलेले कपडे धुऊन देणारा समाज. दुसऱ्याची घाण काढणे हा ज्याचा व्यवसाय, त्यालाच खालचा मानायचे, हा व्यवहार डेबूजींनी जन्मापासून पाहिला. घरातील पहिले संकट दारूचे होते. वडील झिंगराजी व्यसनापायी गेले, तेव्हा मुलगा जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आली. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांशी बाबांचे नाते असे लहानपणीच जुळले.

पूर्णेच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्ट्याचा. जमीन काळी आणि कसदार, कापूस पिकविणारी. पण जमिनीतील पाणी खारे. दापुऱ्यात डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला आणि पुढे शेतीचा सारा भार उचलला. शाळेची पायरी मात्र त्याला चढता आली नाही. शिक्षण नसल्याने काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. मामाने सावकाराकडून कर्ज घेतले होते. हिशेब सावकाराच्या वहीत आणि शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त अंगठा, अशा व्यवहारात कष्टाने वाढविलेली जमीन सावकाराच्या घशात जाऊ लागली. दारूने वडील नेले आणि अज्ञानाने जमीन. बाबांनी आयुष्यभर केलेल्या कीर्तनांचे दोन मोठे विषय असे घरातच तयार झाले होते.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यावे लागणार होते. त्यासाठी कर्ज काढणे हेही रीतीतच बसत होते. डेबूजींनी भावकीला गोडाचे साधे जेवण वाढले. पंगतीत कुरकुर झाली, टीका झाली. परंतु पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले त्याची ही सुरुवात होती. चालत आलेली गोष्ट सर्वांसमक्ष मोडायची, ती स्वतःच्या घरापासून मोडायची आणि बोलण्याआधी करून दाखवायची.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि फुटक्या मडक्याचे खापर. हेच खापर उन्हात टोपी होई आणि भुकेच्या वेळी ताट. वऱ्हाडी माणसाने या मडक्यावरूनच, म्हणजे गाडग्यावरून, त्यांना गाडगेबाबा म्हणायला सुरुवात केली. भिकाऱ्याच्या वेशात हिंडणाऱ्या या माणसाला अनेक गावांतून हुसकावून लावण्यात आले. समाज अनोळखी दरिद्री माणसाशी कसा वागतो, हे त्यांनी अंगावर झेललेल्या अपमानांतून जाणले. आजच्या माहितीपटाचा दिग्दर्शक एखाद्या वस्तीत महिनोन्महिने राहतो तो हेच समजून घेण्यासाठी. बाबांना त्यासाठी वेगळे राहावे लागले नाही.

त्यांच्या कामाचा क्रम ठरलेला असे. गावात शिरले की ते कोणाच्या ओसरीवर बसत नसत. खराटा उचलून रस्ते झाडू लागत. देवळासमोरचा उकिरडा, गुरांच्या पाणवठ्याजवळचा चिखल, वेशीबाहेरची घाण यांपैकी काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. पोरे आधी हसत, मग जवळ येत. दुपारपर्यंत चार तरुण हाताशी लागत आणि सायंकाळी सारे गाव स्वच्छ झालेले असे. झाडलोट करणारा हा वेडा रात्री कीर्तन करणार आहे, ही बातमी तोवर घरोघर गेलेली असे. कीर्तनाला जमणाऱ्या श्रोत्यांपैकी अनेकांनी दिवसा खराटा किंवा फावडे हाती धरलेले असे. बाबांच्या पद्धतीचे मर्म इथे आहे. ऐकणारा माणूस ऐकण्याआधीच कामाला लागलेला होता. कीर्तनात पुढे जे दाखविले जाई, ते त्याला परक्याचे वाटत नसे.

हे कीर्तन नारदीय परंपरेतील नव्हते. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, शास्त्राधार असा त्याचा थाट नव्हता. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर समुदायाकडूनच वदवून घेत. सण साजरा करण्यासाठी कर्ज काढावे का, दगडापुढे बकरे कापून मूल जगते का, स्वतःवर बसलेले कुत्रे ज्याला हाकलता येत नाही त्या मूर्तीकडे संसाराचे गाऱ्हाणे का न्यावे, अशा प्रश्नांची माळच ते लावीत. हजारोंचा समुदाय एका सुरात होकार किंवा नकार देई. हसता हसता श्रोत्याच्या ध्यानात येई की आपण आपल्याच घरातील वागणुकीविरुद्ध कौल दिला आहे. तुकोबांचे अभंग आणि कबीराचे दोहे बाबांच्या ओठांवर असत. परंतु त्यांचा खरा आधार श्रोत्यांचा रोजचा व्यवहार हाच होता. अस्पृश्यता, दारू, पशुबळी, कर्ज काढून केलेली लग्ने, मुलांना शाळेत न घालणे या प्रत्येक प्रश्नाचा पुरावा समोर बसलेला असे.

बोलण्याबरोबर बांधणे हेही सुरू झाले. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तिथे चिखलातून पाण्यापर्यंत जाणाऱ्या यात्रेकरूंची गैरसोय पाहून १९०८ मध्ये त्यांनी लोकांच्या श्रमातून घाट बांधविला. १९२५ मध्ये मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे काम आणि धर्मशाळा उभी राहिली. पंढरपुरात १९१७ मध्ये त्यांनी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले होते. विठ्ठलाच्या दर्शनाला वऱ्हाडातून पायी गेलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला त्या काळी मंदिरात तर प्रवेश नव्हताच, पण डोके टेकायला हक्काचा निवाराही नव्हता. बाबा स्वतः मंदिराकडे फिरकत नसत. आषाढी-कार्तिकीला ते वाळवंट झाडीत आणि रात्री तिथेच कीर्तन करीत. देव दगडात शोधू नका, असे सांगणाऱ्याने वारकऱ्यांसाठी पंढरपुरात, देहूला, आळंदीला आणि नाशिकला निवारे बांधावेत, यात विसंगती नव्हती. त्यांचा देव त्या निवाऱ्यात उतरणारा थकलेला माणूस होता.

लाखो रुपयांच्या या मिळकतीत त्यांनी आपल्या कुटुंबाला वाटा ठेवला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. संसार सोडणाऱ्या पुरुषाच्या घरातील स्त्रीला काय सोसावे लागले, याचा हिशेब संतचरित्रांत बहुधा मांडला जात नाही. बाबांच्या चरित्रातही ही बाजू दुखरी आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते. ते थांबले नाहीत. ज्यांची मुले रोज मरतात त्यांच्यासमोर आपल्या एका मुलाचे दुःख मोठे करू नये, अशी त्यांची धारणा होती. तिच्याविषयी आदर वाटतो आणि मन हळहळतेही.

बाबांचा हा संचार सुरू असताना महाराष्ट्रात दुसरे एक माध्यम वाढत होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर जत्रा-यात्रांच्या निमित्ताने तंबूतील सिनेमा गावोगाव पोहोचू लागला. वऱ्हाडातील कापसाच्या बाजारपेठांनाही पडद्याची ओळख झाली. १९३६ मध्ये प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबा साकारले. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. देहूच्या एका कुणब्याचे जगणे युरोपातील प्रेक्षकांनी पाहिले. मराठी संस्कृती जगापुढे जाण्याचा तो मोठा प्रसंग होता. त्याच वर्षांत त्याच तुकोबांचे अभंग घेऊन बाबा पायी हिंडत होते. पडद्यावरील तुकोबांना चमत्कारांची साथ होती. बाबांच्या कीर्तनातील तुकोबा चमत्काराविना उभे होते आणि सावकार, दारू व जातीचा गर्व यांच्याशी झगडत होते.

बाबांच्या कीर्तनाचे सामर्थ्य शिकलेल्या मंडळींच्याही लक्षात आले होते. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्याबरोबर हिंडले आणि पुढे त्यांनी बाबांचे चरित्र लिहिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी त्यांचा स्नेह शिक्षणावरील समान श्रद्धेतून जुळला. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले. निरक्षर माणसाचे नाव महाविद्यालयाला लाभावे, हा त्याच्या जीवनकार्याला मिळालेला अर्थपूर्ण कौल होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज वयाने तेहतीस वर्षांनी लहान. त्यांचे यावली आणि मोझरी ही गावेही अमरावती जिल्ह्यातीलच. खंजिरी आणि खराटा यांची ही जोडी वऱ्हाडाने जवळून पाहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचे नाते याहून वेगळे होते. एक जगातील नामवंत विद्यापीठांतून शिकलेला, दुसरा अक्षरशत्रू. एकाने कायद्याची भाषा घडविली, दुसऱ्याने खेड्यातील बोलीत तोच न्याय सांगितला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी बांधलेली वास्तू मुलांच्या शिक्षणासाठी द्यावी, हा निर्णय त्यांच्या धर्मकल्पनेचा गाभा सांगून जातो.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. वऱ्हाडातून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या गरीब माणसाची रात्र पदपथावर जाते, हे बाबांनी पाहिले होते. याच विचाराने पुढे दादर येथे उभ्या राहिलेल्या मिशनच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा मिळतो.

वय ऐंशीला टेकले, प्रकृती ढासळली, तरी संचार थांबला नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. सुदैवाने ते ध्वनिमुद्रित करण्यात आले. पन्नास वर्षांत हजारो रात्री ज्या आवाजाने जागविल्या, तो आवाज आज ऐकायला मिळतो तो या ध्वनिमुद्रणामुळे. दमलेला, घोगरा, पण श्रोत्यांना क्षणात ताब्यात घेणारा हा आवाज ऐकला म्हणजे चरित्रग्रंथांतील वर्णने किती तोकडी आहेत ते कळते. प्रश्न आणि उत्तर यांमधील थांबे, समुदायाचे हसू, त्या हसण्यावर बाबांनी केलेली मात, हे छापील पानात उतरत नाही. ज्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही, त्याच्या बाबतीत अशी एक ध्वनिफीत म्हणजे मूळ दस्तऐवजच होय.

६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी मोटारीतच देह ठेवला. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेल्या माणसाचा शेवटही रस्त्यावरच झाला. आपली मूर्ती उभारू नये, समाधी बांधू नये, मंदिर करू नये, असे त्यांनी बजावून ठेवले होते. लोकांच्या प्रेमाने ते पुरते पाळले नाही. अमरावतीत समाधी झाली, त्या परिसराला गाडगेनगर हे नाव मिळाले. १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले, महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठही त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

मूर्ती नको म्हणणाऱ्या माणसाचे चित्र पडद्यावर कसे आणावे, हा प्रश्न चित्रपटासमोर आला तो १९७७ मध्ये. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबा साकारले. लागू हे बुद्धिवादी विचारांसाठी ओळखले गेलेले अभिनेते. देवळात न जाणाऱ्या संताची भूमिका अशा कलावंताकडे जावी, हा योग अर्थपूर्ण होता. ज्या पिढ्यांनी बाबांना पाहिले नव्हते, त्यांच्या डोळ्यांसमोर बाबा म्हणून आजही लागूंचाच चेहरा येतो.

बाबांचे विषय मराठी पडद्यावर अधिक धारदारपणे परत आले ते स्वतंत्र बाण्याच्या चित्रकर्त्यांमुळे. आनंद पटवर्धन यांनी १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर चौदा वर्षे चित्रीकरण करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ मध्ये पूर्ण केला. गाण्यातून समाजाला जाब विचारणारे शाहीर त्याच्या केंद्रस्थानी आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला गौरविला गेला. ‘संत तुकाराम’नंतर पाऊण शतकाने त्याच महोत्सवात मराठी खटला उभा राहिला. गटारात मृत्यू पावलेला सफाई कामगार आणि त्याबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला लोकशाहीर हा त्याचा विषय. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. दिव्य भारती यांचा ‘कक्कूस’ हा हाताने मैला साफ करणाऱ्यांवरील तामिळ माहितीपट २०१७ मध्ये यूट्यूबवरून लोकांपर्यंत गेला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटाकडे मेलेले डुक्कर वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांच्या शेजारी गाडगेबाबांचेही चित्र आहे. संत भिंतीवर रंगविले गेले आणि खाली घाण वाहणाऱ्यांचे खांदे तेच राहिले. एका शब्दाविना मंजुळे यांनी इथे जे सांगितले, ते बाबांच्या कीर्तनातही शोभले असते.

या चित्रपटांनी बाबांचे अर्धे काम पुढे नेले आहे. प्रश्न लोकांच्या डोळ्यांसमोर आणणे, परक्याचे दुःख आपल्या घरात पोहोचविणे आणि न पाहिलेले जग ओळखीचे करणे हे ते काम. दिवाणखान्यात बसून ते पाहणाऱ्या प्रेक्षकाचे मन हेलावते, तो त्याविषयी बोलतो आणि पुढच्या चित्रपटाकडे वळतो. यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. माध्यमाची घडणच तशी आहे. पडदा प्रेक्षकाला प्रश्न विचारू शकतो, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबू शकत नाही. बाबा थांबत असत. समुदायातून उत्तर आल्याशिवाय त्यांचे कीर्तन पुढे सरकत नसे आणि दिवसभर गाव झाडून झाल्याशिवाय ते सुरूच होत नसे.

त्यांची दशसूत्री म्हणून जी ओळखली जाते, तीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलामुलींना शिक्षण आणि बेघराला आसरा ही सारी कामे हातांनी करावयाची आहेत. पाहणे आणि हळहळणे यांना त्या यादीत जागा नाही. मोबाइलच्या पडद्यावर सारे जग पाहणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या नव्या पिढीला या यादीची आठवण उपयोगी पडेल. पूर्णेच्या काठावर चिखल पाहून बाबा हळहळत बसले नाहीत. त्यांनी लोकांना हाक दिली, दगड वाहिले आणि यात्रेकरू ज्या घाटावरून पाण्यात उतरू लागले, तो घाट उभा केला.